एक ओळ, एक जाळे आणि लोखंडाचे चुंबकत्व

(मंडळाच्या गणेशोत्सवात भिलाई येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपतीसमोर बोलायचे तर विषय विद्येचा असावा आणि आरतीला उशीर होऊ नये, या दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. आजचा विषय सांख्यिकीय भौतिकशास्त्रातला आहे. नाव जड आहे, पण घाबरू नका. मी फळ्यावर एकही समीकरण लिहिणार नाही. प्रश्न एकच घेतो. असंख्य छोट्या कणांना फक्त आपापला शेजारी कळतो. त्यांना हुकूम देणारा कोणी नाही. तरीसुद्धा ते सगळे मिळून एका ठराविक तापमानाला आपली वागणूक कशी बदलतात?

भिलाईत हा प्रश्न समजावून द्यायला फार लांब जावे लागत नाही. इथल्या अनेकांचे आयुष्य लोखंडाच्या सोबतीत गेले आहे. क्रेनला टांगलेले मोठे विद्युतचुंबक टनावारी थंड भंगार सहज उचलते. तेच चुंबक भट्टीतून नुकत्याच निघालेल्या, पिवळ्याजर्द तापलेल्या ठोकळ्यावर धरले तर काही उपयोग होत नाही. ठोकळा वितळलेला नसतो. लोखंड वितळते १५३८ अंश सेल्सिअसला. पण शुद्ध लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंशांनाच संपते. तापमान वाढवत नेले की ते आधी हळूहळू कमी होते, मग भराभर घसरते आणि ७७० अंशांवर शून्य होते. पुन्हा थंड करा, परत येते. पिएर क्यूरी यांनी १८९५ मध्ये चुंबकत्व आणि तापमान यांचा बारकाईने अभ्यास केला, म्हणून या तापमानाला क्यूरी तापमान म्हणतात. पोलादाला पाणी देणारे लोहार लाल झालेल्या पात्याला चुंबक लावून पाहतात. चिकटायचे थांबले की पाते पुरेसे तापले, ही त्यांची खूण.

माता-भगिनींनी हीच गोष्ट स्वयंपाकघरात ऐकली आहे. साध्या इलेक्ट्रिक राइस कुकरमध्ये भात झाला की 'टक्' असा आवाज येतो. भांड्याखाली एक चुंबक असते आणि ते ज्या धातूला चिकटलेले असते त्याचे क्यूरी तापमान १०० अंशांच्या थोडे वर ठेवलेले असते. भांड्यात पाणी आहे तोवर तळ १०० च्या फार वर जात नाही. पाणी आटले की तापमान चढते, धातूचे चुंबकत्व ढिले पडते आणि स्प्रिंग बटण ओढून घेते. भात करपत नाही तो या अवस्थांतरामुळे.

आता खरा प्रश्न. लोखंडातला प्रत्येक अणू हे एक सूक्ष्म चुंबक आहे, असे समजा. शेजारचे अणू एकमेकांना 'माझ्याच दिशेला तोंड कर' असे सांगत असतात. उष्णता मात्र त्यांना सारखी ढोसत असते. शिस्त आणि चुळबुळ यांची ही ओढाताण आहे. ती हळूहळू एका बाजूला झुकावी, हे समजते. पण ७७० अंशांवर स्पष्ट सीमारेषा का असावी?

पुढे हॅम्बुर्ग विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या विल्हेल्म लेंझ यांनी १९२० मध्ये यासाठी एक अगदी साधे प्रारूप, म्हणजे मॉडेल, सुचवले आणि ते सोडवण्याचे काम आपला विद्यार्थी अर्न्स्ट इझिंग याला दिले. इझिंगचा शोधनिबंध १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला शंभर वर्षे उलटून गेली. ते प्रारूप आपण याच मांडवात खेळून पाहू.

समजा, तुम्हा प्रत्येकाच्या हातात एक पुठ्ठा आहे. एक बाजू लाल, दुसरी पांढरी. नियम दोनच. पहिला नियम: तुम्हाला फक्त लगतचा शेजारी दिसतो. दोन शेजाऱ्यांचे रंग वेगळे असतील तर त्या जोडीमागे एक रुपया दंड. दुसरा नियम तापमानाचा. दंडाची प्रत्येक मांडणी शक्य आहे, पण दंड एक रुपयाने वाढला की ती मांडणी दिसण्याची शक्यता एका ठराविक पटीने कमी होते. थंडीत ही पट कडक असते. समजा एक-हजारांश, म्हणजे प्रत्येक जादा रुपयामागे मांडणी हजारपट दुर्मीळ. उष्णता वाढली की पट सैल होत जाते, एक-दशांश, एक-द्वितीयांश, आणि फार तापमानाला दंडाची कोणी पर्वाच करत नाही. हा नियम भौतिकशास्त्रात बोल्ट्झमन यांच्या नावाने ओळखला जातो. लाल चांगला की पांढरा, याबद्दल नियमात एक अक्षरही नाही. प्रश्न असा की, बाहेरून कोणी न सांगता सगळा मांडव बहुतांशी एकाच रंगाचा राहील का?

इझिंगने आधी सगळ्यांना एका पंगतीत बसवले. एकच लांब ओळ, प्रत्येकाला डावीकडे एक आणि उजवीकडे एक शेजारी. समजा ओळीत एक लाख माणसे आहेत आणि सगळे लाल आहेत. आता मध्येच एका ठिकाणापासून पुढची सगळी मंडळी पांढरी झाली, तर दंड किती? फक्त एक रुपया. कारण बिघाड एकाच सांध्यावर आहे. पुढे दहा माणसे उलटली काय आणि पन्नास हजार उलटली काय, दंड तोच. पट एक-हजारांश इतकी कडक असली तरी साधारण हजार सांध्यांमागे एक सांधा तुटणार. लाखाच्या ओळीत सुमारे शंभर ठिकाणी तुटणार. म्हणजे हजारेक लाल, मग हजारेक पांढरे, पुन्हा लाल. आणखी थंड केले तर तुकडे लांबतात, पण ओळही तेवढी लांब घेतली की पुन्हा तेच. या टोकाला काय रंग आहे याचा त्या टोकाला पत्ता नसतो. निष्कर्ष: केवळ शून्य केल्व्हिनला सोडले तर कुठल्याही तापमानाला ओळीत शिस्त टिकत नाही, आणि म्हणून अवस्थांतरही होत नाही.

हे उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. पण इझिंगने एक पाऊल पुढे टाकले. त्रिमितीय जालकातही हेच होईल, असा अंदाज त्याने बांधला. तो चुकीचा होता, आणि त्या काळी पुष्कळांनी तो मान्यही केला. त्यामुळे प्रारूपच निरुपयोगी ठरवून बाजूला पडले.

इझिंगचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. तो ज्यू होता. शाळेत शिक्षक झाला आणि १९३३ मध्ये हिटलरची सत्ता आल्यावर त्याची नोकरी गेली. मग पॉट्सडॅमजवळच्या एका ज्यू मुलांच्या शाळेत तो शिकवू लागला. ती शाळा १९३८ च्या नोव्हेंबरात उद्ध्वस्त करण्यात आली. १९३९ मध्ये तो सहकुटुंब लक्झेंबर्गला गेला, तर तिथेही जर्मन फौजा पोचल्या. युद्धाच्या काळात त्याने मेंढ्या राखल्या, रेल्वेवर मजुरी केली. १९४७ मध्ये तो अमेरिकेला पोचला आणि पुढे इलिनॉयमधील पिओरिया येथे बरीच वर्षे प्राध्यापक होता. आपण तरुणपणी मांडलेले आणि विसरलेले गणित जगभर 'इझिंग मॉडेल' म्हणून शिकवले जाते, हे त्याला १९४९ च्या सुमारास कळले. १९९८ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, तो वारला.

हे नाव कसे रूढ झाले? १९३६ मध्ये रुडॉल्फ पायर्ल्स यांनी ओळीऐवजी जाळ्याचा विचार केला. आपणही खुर्च्या मांडवासारख्या मांडू. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे रांगा आणि स्तंभ, प्रत्येकाला चार शेजारी: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. नियम तेच. सगळा मांडव लाल आहे. आता त्यात पांढऱ्यांचे एक बेट तयार करायचे आहे. एकटाच माणूस उलटला तर त्याला चारही बाजूंनी दंड, म्हणजे चार रुपये. दहा बाय दहाचे, शंभर माणसांचे चौकोनी बेट करायचे तर त्याच्या कुंपणाची लांबी चाळीस, दंड चाळीस रुपये. दहा हजार माणसांचे बेट केले तर दंड चारशे. ओळीत बेट कितीही मोठे झाले तरी कुंपण म्हणजे दोन टोके, दोन रुपये. जाळ्यात मात्र बेट वाढले की कुंपणही वाढते. दोन्ही प्रारूपांतला सगळा फरक एवढाच आहे.

पण दंडाच्या विरुद्ध बाजूने आणखी एक गोष्ट काम करते. कुंपण वेडेवाकडे असू शकते, आणि वेडेवाकडे असण्याचे प्रकार अनेक. एखाद्या बिंदूपासून कुंपण घालायला लागलात तर प्रत्येक कोपऱ्यावर जास्तीत जास्त तीन पर्याय: सरळ, डावीकडे किंवा उजवीकडे. म्हणजे एक पाऊल वाढले की प्रकार फार तर तिप्पट होतात. दुसरीकडे प्रत्येक पावलाला दंडाची पट लागते. समजा ती एक-दशांश आहे. तर एका पावलामागे एकंदर हिशेब तीन-दशांश. दहा पावलांच्या कुंपणाची शक्यता दहा लाखांत सहापेक्षा जास्त नाही, वीस पावलांची तर त्याहून कितीतरी कमी. म्हणजे थंडीत लहानसहान बेटे होतील आणि विरून जातील, पण सगळा मांडव उलटवणारे महाकाय बेट होणार नाही. लाल बहुमत टिकेल. उलट फार उष्णता असेल तर दंडापेक्षा प्रकारांची संख्या वरचढ ठरते, बेटांत बेटे होतात आणि शिस्त मोडते. म्हणजे मध्ये कुठेतरी सीमा असलीच पाहिजे. पायर्ल्स यांच्या निबंधाच्या शीर्षकातच इझिंगच्या प्रारूपाचा उल्लेख होता, आणि तेच नाव चिकटले.

नेमकी सीमा कुठे? तेव्हाच्या काळात हा प्रश्न किती अवघड वाटत होता, याची एक हकिकत सांगितली जाते. १९३७ मध्ये ॲम्स्टरडॅमला व्हॅन डर वाल्स यांच्या जन्मशताब्दीनिमित्त परिषद भरली होती. बोल्ट्झमनच्या बेरजेतून अवस्थांतरासारखी तीक्ष्ण सीमा मुळात निघू तरी शकते का, यावर तिथे वाद झाला आणि शेवटी म्हणे मतदान घेतले. मते जवळजवळ निम्मी-निम्मी पडली! शास्त्रातल्या प्रश्नावर हात वर करून निकाल लागत नाही, हे इथे गमतीने लक्षात ठेवावे.

अडचण खरी होती. फक्त शंभर खुर्च्यांचा छोटा मांडव घ्या. लाल-पांढऱ्याच्या मांडण्या होतात २ चा १०० वा घात, म्हणजे १ वर ३० शून्यांहून अधिक. सेकंदाला अब्ज अब्ज मांडण्या तपासणारा महासंगणक लावला तरी एकेक करून मोजायला सुमारे ४० हजार वर्षे लागतील. आणि हा मांडव फक्त शंभरांचा. लोखंडाच्या चिमूटभर कणात अणू किती असतील याचा विचारच करू नका.

१९४१ मध्ये हेंड्रिक क्रॅमर्स आणि ग्रेगरी वानिये यांनी एक सुंदर युक्ती शोधली. थंड मांडवाचे गणित आणि उष्ण मांडवाचे गणित एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. सीमा एकच असेल तर ती आरशाच्या काचेवरच असणार. त्यातून दंडाची पट निघाली: दोनचे वर्गमूळ वजा एक, म्हणजे सुमारे ०.४१४. पायर्ल्स यांच्या ढोबळ हिशेबाने निदान एक-तृतीयांशाच्या बरेच खाली शिस्त पक्की होती; नेमकी सीमा त्याच्या थोडी वर निघाली. मग १९४४ मध्ये लार्स ऑन्सागर यांनी द्विमितीय प्रारूप पूर्ण सोडवले. सगळ्या मांडण्यांची बेरीज, बिनचूक, अनंत मोठ्या जाळ्यासाठी. निव्वळ शेजाऱ्याच्या नियमातून तीक्ष्ण अवस्थांतर निघते, हे शंकेपलीकडे सिद्ध झाले. मतदानाची गरज संपली.

शिस्त नेमकी किती राहते, याचे सूत्र ऑन्सागर यांनी १९४८ मध्ये एका सभेत फळ्यावर नुसते लिहून दाखवले, सिद्धता न देता. प्रसिद्ध सिद्धता चेन निंग यांग यांनी १९५२ मध्ये दिली. त्या सूत्राने हिशेब केला तर गंमत दिसते. क्रांतिक तापमानावर शिस्त शून्य. केवळ १ टक्का खाली उतरलात की शिस्त सुमारे ६९ टक्के. १० टक्के खाली उतरलात की जवळजवळ ९० टक्के. अवस्थांतर 'एकदम' होते म्हणजे काय, ते या आकड्यांत दिसते.

आता क्रांतिक तापमानाच्या अगदी वर उभे राहून मांडवाकडे पाहू. इथे सर्व आकारांची बेटे असतात: दोन माणसांची, दोनशेंची, दोन लाखांची, आणि मोठ्या बेटांच्या पोटात लहान बेटे. जवळून पाहा की लांबून, चित्र सारखेच दिसते. हे दृश्य निसर्गात प्रत्यक्ष पाहता येते. थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइड वायूवर प्रयोग मांडले. सुमारे ३१ अंश सेल्सिअस आणि ७३ वातावरणांच्या दाबाला द्रव आणि वायू हा भेदच नाहीसा होतो. त्या बिंदूजवळ पारदर्शक पदार्थ दुधाळ दिसू लागतो, कारण दाट-विरळ बेटे प्रकाशाच्या तरंगलांबीएवढी मोठी होऊन प्रकाश विखुरतात.

तुम्ही म्हणाल, चुंबकातून एकदम वायूवर कसे आलात? मला वाटते या विषयातले सर्वांत मोठे आश्चर्य तेच आहे. लाल पुठ्ठा म्हणजे 'इथे रेणू आहे' आणि पांढरा म्हणजे 'जागा रिकामी' असे समजा. इझिंगचे चुंबक झाले वायूचे प्रारूप. लाल म्हणजे तांबे आणि पांढरा म्हणजे जस्त असे समजा. तर ते दोन्ही धातू जवळजवळ समप्रमाणात असलेल्या पितळाचे प्रारूप झाले, फक्त तिथे शेजाऱ्याशी वेगळे असण्याची ओढ असते. क्रांतिक बिंदूजवळ शिस्त कशी मावळते हे सांगणारा एक घातांक असतो. द्विमितीय जाळ्यात तो १/८ आहे. त्रिमितीय इझिंग प्रारूपात सुमारे ०.३२६. आणि कार्बन डायऑक्साइड असो, पाणी असो की पितळ, प्रयोगांत आकडे याच्याच आसपास येतात. रेणू कशाचे, बंध कसले, हे सगळे तपशील गळून पडतात. उरते ते एवढेच: मिती किती, प्रत्येकाला दिशांचे पर्याय किती आणि प्रभावाचा पल्ला जवळचा की लांबचा. लोखंडाचे अणू-चुंबक वर-खाली असे दोनच नव्हे, तर सर्व दिशांना वळू शकतात, म्हणून त्याचा घातांक थोडा वेगळा पडतो. नियमाला अपवाद नाही. तो वेगळ्या घरातला आहे, इतकेच.

असे का व्हावे, याचे उत्तर यायला आणखी वेळ लागला. लिओ कॅडनॉफ यांनी १९६६ मध्ये सुचवले की माणसांचे गट करा, समजा तीन बाय तीनचे, आणि प्रत्येक गटाचा बहुमताचा रंग तेवढा ठेवा. मांडव लहान झाला. पुन्हा तसेच करा. शिस्त असेल तर ती दर पायरीला वाढते, गोंधळ असेल तर गोंधळ वाढतो. फक्त क्रांतिक बिंदूवर चित्र जसेच्या तसे राहते. आणि दर पायरीला बारीक तपशील पुसले जातात. केनेथ विल्सन यांनी १९७१ मध्ये या कल्पनेला भक्कम गणिती रूप दिले आणि त्यासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शेजाऱ्याशी जुळवून घेण्याच्या या खेळाला पुढे अनेक फांद्या फुटल्या. काही शेजारी जुळवून घेणारे आणि काही विरुद्ध वागायला लावणारे असतील तर होणाऱ्या घोटाळ्याला 'स्पिन ग्लास' म्हणतात. जॉर्जो पारिसी यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले त्यात हे काम होते. जॉन हॉपफिल्ड यांनी १९८२ मध्ये याच धर्तीवर स्मरणशक्तीचे प्रारूप मांडले आणि २०२४ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. सांख्यिकीय भौतिकशास्त्राचे मानाचे बोल्ट्झमन पदक २०२२ मध्ये हॉपफिल्ड यांच्याबरोबर दीपक धर यांना मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि नंतर पुण्याच्या आयसरमध्ये काम केलेले धर हे या पदकाचे पहिले भारतीय मानकरी.

माणसांच्या बाबतीत हे गणित लावावे का? अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये पटावर दोन प्रकारचे 'रहिवासी' मांडले. निदान काही शेजारी आपल्यासारखे असावेत, एवढीच प्रत्येकाची माफक इच्छा. थोड्या हलवाहलवीनंतर पटावर दोन्हींच्या वेगळ्या वस्त्या पडल्या, जरी तशा वस्त्या कोणालाच नको होत्या. परप्रांतात घर करून राहिलेल्या आपल्यासारख्यांना यात विचार करण्यासारखे आहे. समूहाचे चित्र पाहून प्रत्येकाच्या मनातला हेतू ओळखता येत नाही. मात्र माणूस म्हणजे दोन रंगांचा पुठ्ठा नव्हे. तो शेजाऱ्यापलीकडेही पाहतो आणि दंड भरूनही वेगळा राहतो. त्यामुळे निवडणूक, बाजार, समाज यांवर इझिंगचे प्रारूप सरसकट चिकटवणाऱ्यांपासून सावध राहावे, असे मी सुचवेन. एका ओळीत जे खरे ते जाळ्यात खरे असेलच असे नाही, हा धडा खुद्द इझिंगच्या अंदाजानेच आपल्याला दिला आहे.

शेवटी इथल्या तरुण मुलामुलींसाठी एक गोष्ट. ओळीचे उत्तर १९२५ मध्ये मिळाले, द्विमितीय जाळ्याचे १९४४ मध्ये. तीन मितींतले, म्हणजे आपण राहतो त्या जगातले बिनचूक उत्तर अजून कोणालाही सापडलेले नाही. संगणकाने त्याचे आकडे पुष्कळ दशांश स्थळांपर्यंत काढले आहेत, पण ऑन्सागर यांच्यासारखे सूत्र नाही. संगणकावर हा खेळ मांडण्याची पद्धत १९५३ पासून उपलब्ध आहे आणि तिच्यासाठी पन्नासएक ओळींचा प्रोग्राम पुरतो. यादृच्छिक एक चौकट निवडायची. ती उलटल्याने दंड कमी होत असेल तर उलटायची. वाढत असेल तर दंडाच्या पटीइतक्याच शक्यतेने उलटायची. हे लाखो वेळा करायचे. सुटीत लिहून पाहा. पट ०.४१४ च्या खाली ठेवा, वर ठेवा, आणि मग नेमकी तिथेच ठेवा. पडद्यावर बेटांत बेटे तयार होताना दिसतील. ७७० अंशांवर लोखंडात काय घडते त्याची झलक तुम्हाला घरबसल्या दिसेल.

आता आरतीसाठी जागा मोकळी करतो.

गणपती बाप्पा मोरया!